पैलवानाला अटॅक आला, मग व्यायाम कशाला करायचा?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं वय ५४, कोल्हापुरात स्वतःचं दुकान. विशीत तालमीत मेहनत केली, लग्नानंतर ती सुटली. गेल्या वर्षी बीपी निघालं, गोळी सुरू आहे, घरी मोजलं तर १४०/९० च्या आगेमागे येतं. वजन वाढलंय. त्यांच्या तालमीतले एक ज्येष्ठ पैलवान, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते ५८ व्या वर्षी अटॅकनं गेले. तेव्हापासून यांच्या मनात बसलंय: "ज्या माणसानं आयुष्यभर जोर-बैठका काढल्या त्याचं असं होतं, तर आम्ही रंकाळ्यावर फेऱ्या मारून काय होणार? व्यायामानं ब्लॉकेज जातं का? या वयात परत तालमीत गेलो तर चालेल का?" आणि शेवटी, १९ वर्षांच्या मुलाला तालमीत घालावं की नको.

मी हृदयरुग्णांकडून व्यायाम करून घेण्याचं काम करते. अँजिओप्लास्टी झालेले, बायपास झालेले, हृदयाचं पंपिंग कमी असलेले, आणि तुमच्यासारखे नुकतं बीपी निघालेले. कोल्हापुरात हा प्रश्न मला कायम भेटतो, कारण इथं प्रत्येक पेठेत एक तालीम आहे आणि प्रत्येक तालमीत असे एक मामा होऊन गेलेत. तुमच्या प्रश्नात मला तीन प्रश्न एकात एक अडकलेले दिसतात: मामांचा व्यायाम वाया गेला का, व्यायामानं हृदय आणि रक्तवाहिन्यांत नेमकं काय बदलतं, आणि तुम्ही आता काय करायचं. ते सोडवून घेतल्याशिवाय उत्तर धड देता येणार नाही.

मामा कशानं गेले हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तालमीत वाढलेला माणूस समोर आला की मी दोन गोष्टी विचारते. मेहनत कधी सुटली? आणि खुराक कधी सुटला? पहिल्याचं उत्तर पटकन येतं: नोकरी लागली, गुडघा गेला, संसार वाढला. दुसऱ्याला माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, "मॅडम, दूध-तूप आहेच की अजून." हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, घाम गाळून सपाट्या मारणाऱ्या अंगाला जे तूप, बदाम आणि मटण पचत होतं, तेच दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या अंगात पोटावर आणि यकृतात जाऊन बसतं. त्यात तंबाखूची चुटकी, वाढलेली पण कधी न मोजलेली साखर आणि घरातला हृदयविकाराचा वारसा, यातलं काहीही असू शकतं. "आयुष्यभर जोर-बैठका काढल्या" असं आपण आदरानं म्हणतो, पण बहुतेकदा त्याचा अर्थ "तरुणपणी काढल्या" एवढाच असतो. आणि विशीतली मेहनत ही पतसंस्थेतली ठेव नव्हे, की साठीत व्याजासकट काढून आणता येईल. असं का, ते समजून घ्यायला रक्तवाहिनीच्या आत डोकवावं लागेल.

रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. वाहिनी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, गुठळी होऊ द्यायची की नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आणि चरबीला भिंतीत शिरू द्यायचं की नाही, हे सगळं हे अस्तर सांभाळतं. त्यासाठी ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. हा वायू रक्तवाहिनीला सैल होण्याचा निरोप पोचवतो, या शोधाबद्दल फर्शगॉट, इग्नारो आणि म्युराद या तिघांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता गंमत अशी, की वायू बनवायचा हुकूम अस्तराला रक्ताच्या घासण्यातूनच मिळतो. तुम्ही भरभर चालू लागलात की हृदय जास्त रक्त ढकलतं, ते अस्तरावरून वेगानं घासत जातं, आणि अस्तर जास्त वायू सोडतं. रोज असं झालं तर तो वायू तयार करणारी यंत्रणाच पेशींत वाढते. म्हणजे पाय चालत असतात तेव्हा फायदा फक्त पायांच्या वाहिन्यांना होत नाही. हृदयाच्या, मेंदूच्या वाहिन्यांच्या अस्तरालाही ही घासणी मिळते.

बीपी, साखर, तंबाखू आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल हे अस्तर बिघडवतात. बिघडलेली वाहिनी जिथं सैल व्हायला हवी तिथं उलट आवळते. जर्मनीत लाइपझिगला हृदयाच्या वाहिन्यांचा आजार असलेल्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज व्यायाम करून घेतल्यावर त्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांचं हे उलटं आवळणं बरंच कमी झालं. चार आठवडे! औषधाच्या गोळीइतकाच हा ठोस परिणाम आहे. पण त्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी: घासणी थांबली की अस्तर काही आठवड्यांत परत सुस्तावतं. ते आजचं काम बघतं, तुमची जुनी गदा बघत नाही.

आता हृदयाच्या स्नायूचं. चालणं, पळणं, पोहणं, सायकल, आपल्याकडचा फुटबॉल, या प्रकारांत हृदयाकडे जास्त रक्त येतं आणि ते जास्त रक्त पुढं ढकलावं लागतं. महिनोन्महिने हे केलं की हृदयाचा कप्पा थोडा ऐसपैस होतो, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर जातं, म्हणून बसल्या जागी नाडी कमी पडते. जड वजन उचलणं, दाबून धरणं यात प्रकार वेगळा: आवळलेल्या स्नायूंतून रक्त ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो, आणि भिंत जाड होते. कुस्तीत दोन्ही असतं. तरुण पैलवानाच्या हृदयातले हे बदल निरोगी असतात. पण मेहनत सुटली की भिंतीची जाडी काही महिन्यांत उतरते. म्हणून एको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये भिंत जाड आली आणि माणूस म्हणाला "ते तालमीचं असेल", तर मी ते मान्य करत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या तालमीची जाडी आज उरत नाही. आज दिसते ती बहुधा न आवरलेल्या बीपीची असते, आणि ती भिंत ताठर करते. तुमचा एको झाला असेल तर हे डॉक्टरांना नक्की विचारा.

जड व्यायामात बीपी किती चढतं याची लोकांना कल्पना नसते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण, निरोगी बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून, ते पायांनी जड वजन ढकलत असताना दाब मोजला. सरासरी आकडा ३२०/२५० आला. त्यातला मोठा वाटा श्वास रोखून जोर लावण्याचा. हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना त्यांच्याच अंगावर दाखवते. अलीकडेच एक माजी पैलवान आले होते, पन्नाशी उलटलेले, अजून खांदे भरदार. बसून बीपी १३८. त्यांना भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून तसंच थांबायला सांगितलं आणि दंडाला पट्टा बांधून ठेवला. सवयीनं त्यांनी लगेच छाती भरून घेतली, ओठ मिटले, मानेच्या शिरा फुगल्या. यंत्रावर १९६ आले. थोडी विश्रांती देऊन तेच परत करायला लावलं, पण या वेळी मोठ्यानं आकडे म्हणत. आकडे म्हणायचे तर श्वास सोडावाच लागतो. आता आले १६४. तोच माणूस, तीच भिंत, तेच गुडघे. ते बराच वेळ त्या यंत्राकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "आमच्या वस्तादानं सांगितलं होतं, दम कोंडायचा नाही." बरोबर सांगितलं होतं वस्तादांनी.

ब्लॉकेज जातं का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: भिंतीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा आणि चुन्याचा थर व्यायामानं धुऊन निघत नाही. कुणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका. पण अटॅक येतो तो बहुधा थर फाटून त्यावर गुठळी बसली म्हणून. नियमित व्यायामानं अंगातली आतली, बाहेरून न दिसणारी सूज कमी राहते, रक्तात गुठळ्या होण्याचा कल कमी होतो, अस्तर सुधारतं. त्यामुळे आहे त्या थरासकट माणूस सुरक्षित राहण्याची शक्यता वाढते. लाइपझिगच्याच गटानं २००४ मध्ये आणखी एक अभ्यास मांडला. छातीत दुखणं स्थिर असलेले, म्हणजे ठरावीक श्रमानंच दुखणारे आणि ते वाढत नसलेले, सत्तरीपर्यंतचे १०१ पुरुष. अर्ध्यांना अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, अर्ध्यांना रोज २० मिनिटं सायकल. वर्षानंतर मोठा त्रास न होता राहिलेले व्यायामाच्या गटात ८८ टक्के होते, स्टेंटच्या गटात ७० टक्के. स्टेंट फक्त एक जागा मोकळी करतो, व्यायाम सगळ्या वाहिन्यांवर काम करतो, हे त्यामागचं कारण. मात्र हा अभ्यास लहान होता, निवडलेल्या स्थिर रुग्णांचा होता, आणि आताचे स्टेंट तेव्हापेक्षा चांगले आहेत. आणि अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टीनं जीव वाचतो. तिथं सायकलीचा विषयच नाही. डॉक्टरांनी सांगितलेली प्रोसिजर टाळायला कुणी माझं हे उत्तर दाखवू नये, ही कळकळीची विनंती.

अँजिओप्लास्टी, बायपास किंवा अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू साधारण चतुर्थांशानं कमी दिसतात, आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणंही कमी होतं. एवढं असूनही आपल्याकडे बहुतेक रुग्ण टाके निघाले की "आता जपून रहा" एवढंच ऐकून घरी जातात, आणि घरचे त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

"मुळात धडधाकट माणसंच व्यायाम करतात, म्हणून ती जगतात" असा एक आक्षेप असतो. तो रास्त आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या संशोधक डॉक्टरांनी याचा मागोवा घेतला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघांचा पगार, वस्ती, राहणी साधारण सारखी. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तर सौम्य. ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील, या शंकेवर मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची कमरेची मापं काढली. ड्रायव्हर खरंच कमरेनं मोठे निघाले. पण बारीक, मध्यम, जाड असे गट पाडून पाहिलं तरी कंडक्टरच सरस ठरले. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यात कुणी खेळाडू नव्हता. ती माणसं कामाला जात होती, एवढंच.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग. अटॅक आलेल्या रुग्णांना आदल्या तासाभरात काय केलं ते विचारून केलेला एक अमेरिकन अभ्यास १९९३ मध्ये आला. जे एरवी जवळजवळ व्यायाम करतच नाहीत, त्यांना अचानक केलेल्या जबर श्रमानंतरच्या तासात अटॅकचा धोका एरवीपेक्षा १०७ पट दिसला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांना तोच धोका फक्त २.४ पट. पटींनी घाबरू नका. कुठल्याही एका तासातला मूळ धोका फार म्हणजे फार लहान असतो. पण दिशा स्पष्ट आहे. वर्षभर गल्ल्यावर बसून पावसाळ्यात एकदम पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघणं, किंवा तालमीच्या वर्धापनदिनाला चाळीस जणांदेखत पूर्वीइतक्या बैठका मारून दाखवणं, यात धोका आहे. शरीराला सवय नसताना मन मात्र जुना हिशोब धरून बसलेलं असतं. माजी खेळाडूंच्या बाबतीत मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, अगदी कधीच व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा जास्त. तो निदान भीतभीत सुरुवात करतो.

५४ म्हणजे उशीर झाला का? अजिबात नाही. अमेरिकेत डॅलसला १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दमसास म्हणतो ती, सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं परत तपासली. तीस वर्षांच्या वयानं झालेली घसरण त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यापेक्षा कमी होती! मग पन्नाशीतल्या या पाचजणांनी सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, पळणं, सायकल असा व्यायाम केला, आणि त्यांचा दमसास विशीत अंथरुणावर पडण्याआधी होता तिथवर परत आला. पाच माणसांचा अभ्यास लहानच, पण माझ्याकडे येणाऱ्या लोकांत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

तुमच्या सुरुवातीचं बोलू. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी. चालताना, जिना चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम लागणं, चक्कर, यातलं काही होत असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं. साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी झालं नसेल तर करून घ्या. दक्षिण आशियात पहिला अटॅक तुलनेनं लवकर येतो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडचं मधलं वय ५३ निघालं, बाकीकडे ५९ च्या आसपास. तुम्ही त्याच वयात आहात. त्रास काहीच नसेल तर सपाटीवर चालायला टीएमटीची, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायच्या तपासणीची, वाट बघायची गरज नाही. तालमीत परतायचं असेल तर मात्र ती करून घ्या. आणि ती नॉर्मल आली म्हणजे जन्माची हमी मिळाली असं समजू नका. ती मोठे अडथळे दाखवते, फाटू शकणारा लहान थर तिच्यात दिसेलच असं नाही. बीपी १८०/११० किंवा वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही. ताप असेल तेव्हाही नाही.

पहिले दोन आठवडे रंकाळ्याच्या काठानं किंवा विद्यापीठाच्या आवारात, जे जवळ असेल तिथं, पंधरा-वीस मिनिटं. मग दर आठवड्याला थोडं वाढवत रोज तीस ते चाळीस मिनिटांवर या, आठवड्यातले पाच-सहा दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस ताकदीचा. वेग किती? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलात तर दम तुटावा. बीपीची गोळी नाडी मंद करणाऱ्या जातीची असेल तर मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. बोलण्याची ही कसोटी तेवढी लागू पडते. सुरुवातीची आणि शेवटची पाच-दहा मिनिटं सावकाश चाला. झपाझप चालून एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं आणि बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाला चक्कर येऊ शकते. जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या, आणि रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर तर नक्कीच. महिना-दीड महिन्यानं अंग रुळलं की टेंबलाई टेकडीसारखा चढ आठवड्यातून एक-दोनदा घ्या. दोन दिवसांपेक्षा मोठा खाडा पाडू नका. एका वेळच्या चालण्यानं बीपी काही तास उतरलेलं राहतं आणि स्नायूंची साखर ओढून घ्यायची क्षमता दीड-दोन दिवस वाढलेली राहते, म्हणून रविवारी तीन तास चालून आठवड्याचं काम भागत नाही.

ताकदीचा व्यायाम चौथ्या आठवड्यापासून. भिंतीला हात लावून जोर, खुर्चीवरून उठबस, हलकी वजनं, आणि प्रत्येक वेळी जोर लावताना श्वास सोडायचा. भिंतीला पाठ टेकून बसण्याचा जो प्रकार वर सांगितला तो श्वास न रोखता दोन मिनिटांचे चार फेरे, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीनदा, असा केला तर काही आठवड्यांत बीपी चांगलं उतरतं. पण आधी बीपी आटोक्यात आणून आणि पहिल्यांदा कुणाच्या तरी देखरेखीखाली. चालण्यानं बीपी असणाऱ्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं खाली येतो. तुमचे १४०/९० त्यानं १३० च्या घरात येऊ शकतात. गोळी कमी करायची की नाही हे मग डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही, आणि मीही नाही. कोलेस्टेरॉलचंही तसंच: व्यायामानं ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरते, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, फारसं हलत नाही. त्याची गोळी दिली असेल तर ती घ्यावीच लागेल. तंबाखू खात असाल तर ती सोडणं हे चालण्याइतकंच मोठं काम आहे. आणि खुराक तुमच्या आजच्या मेहनतीएवढाच ठेवा.

छातीत दडपण चालताना आलं आणि थांबल्यावर गेलं, तर ते "पित्त" समजून सोडा प्यायला जाऊ नका. त्याच दिवशी तपासून घ्या. बसल्या जागी आलं, घाम फुटला, थांबेना, तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठायचा नाही. मधुमेह असणाऱ्यांना कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा गळून जायला होतं. आणि चालताना पोटरी ठरावीक अंतरावर भरून येत असेल, थांबलं की सुटत असेल, तर तो पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत मी तो बराच पाहते. निदान पक्कं झाल्यावर त्यावर चालणं हेच मोठं औषध आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. बरेच जण भीतीनं चालणंच सोडतात आणि पाय आणखी अडतो.

एक विनंती, न विचारता. सौभाग्यवतींना सोबत घ्या. "घरात दिवसभर कामच असतं की" असं त्या म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण ते काम थांबत-थांबत होतं, दम लागेल असं सलग नसतं. पाळी गेल्यावर बाईचाही हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि तपासायला मात्र ती सगळ्यात शेवटी येते.

मुलाला तालमीत खुशाल घाला. कुस्तीनं दमसास, ताकद, शिस्त सगळं मिळतं. आधी एकदा तपासणी करून घ्या, विशेषतः घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल किंवा मुलाला खेळताना कधी भोवळ आली असेल तर ईसीजी आणि एको करूनच. आणि त्याला समोर बसवून एक गोष्ट सांगा: झटपट अंग भरायच्या इंजेक्शनांना हात लावायचा नाही. ती स्टेरॉइड वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, चांगलं पाडतात, गुठळ्यांचा धोका वाढवतात आणि हृदयाचा स्नायू कायमचा बिघडवू शकतात. तिशीतल्या पोराचं कमी झालेलं पंपिंग बघताना जे वाटतं ते मला लिहिता येत नाही. कुस्ती सुटेल त्या दिवशी काय चालू ठेवायचं, हेही त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा.

आणि तुम्ही. तीन महिने चालून झाले, बीपी १३० च्या घरात आलं, टीएमटी ठीक निघाली, की तालमीत जा. हलके जोर, मोजक्या बैठका, श्वास मोकळा, आणि चालणं चालू ठेवूनच. लढत मात्र धरायची नाही, पोरांनी कितीही आग्रह केला तरी. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनच दिवस जा आणि सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहीत राहा. ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढं ठेवा; गोळीचं काय करायचं ते त्यावरून ठरेल.